ई-स्कूटरला मोबाइल चार्जर जोडायचाय? आधी बारा व्होल्ट कुठे आहेत ते शोधा

आमच्या शेजारच्या काकू इलेक्ट्रिक स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवतात. नोंदणी नको, लायसन्स नको अशी कमी वेगाची, लीड-ॲसिड बॅटऱ्यांची गाडी. नवी होती तेव्हा एका चार्जिंगमध्ये दुपारचे आणि रात्रीचे दोन्ही डबे व्हायचे. सात-आठ महिन्यांनी रात्रीच्या फेरीला गाडी अर्ध्या वाटेत मान टाकू लागली. दुकानदाराने "बॅटऱ्या गेल्या" म्हणून पाचही बदलल्या. वर्ष उलटायच्या आत पुन्हा तेच.

एका रविवारी सीट उचलून पाचही बॅटऱ्यांना मल्टीमीटर लावला. चार बॅटऱ्या १२.४ व्होल्ट दाखवत होत्या, पाचवी ११.३. आणि त्या पाचवीच्याच टोकांवरून दोन बारीक वायरी निघून हँडलकडे गेल्या होत्या. पत्ते शोधायला काकूंच्या फोनवर दिवसभर नकाशा चालू असतो, म्हणून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मोबाइल चार्जर बसवून दिला होता. चार्जर बारा व्होल्टचा, बॅटरीही बारा व्होल्टची. वरवर पाहता यात काहीच चुकलेले नाही.

चूक कळायला या बॅटऱ्या कशा जोडलेल्या असतात ते पाहावे लागते. पाच बॅटऱ्या एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये असतात आणि मिळून ६० व्होल्ट देतात. मोटर जेव्हा करंट ओढते तेव्हा तो पाचही बॅटऱ्यांतून सारखाच वाहतो. पाचही जणी एकत्र रिकाम्या होतात, एकत्र भरतात. मोबाइल चार्जरने मात्र फक्त एकीवर जादा ओझे टाकले. फोन चार्ज करायला साधारण दहा वॉट लागतात. बारा व्होल्टवर, थोडे नुकसान धरून, तो झाला एक अँपिअर. दिवसात पाच तास फोन लावला तर पाच अँपिअर-तास. अशा गाड्यांत २५ ते ३० अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या असतात. म्हणजे पाचव्या बॅटरीचा पाचवा-सहावा हिस्सा रोज नुसता फोनला जात होता.

रात्री चार्जर लावल्यावर ती तूट भरून निघेल असे वाटते. पण गाडीचा चार्जर फक्त पाचांची बेरीज बघतो. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की तो करंट कमी करतो. तोवर चार बॅटऱ्या काठोकाठ भरून वर जादा तापलेल्या असतात, पाचवी अर्धपोटीच राहते. दुसऱ्या दिवशी तीच सर्वांत आधी रिकामी होते. बॅटऱ्या फार खाली जाऊ नयेत म्हणून कंट्रोलर गाडी बंद करतो खरा, पण तोही बेरीजच बघतो. बाकीच्या चौघी बारावर असताना पाचवी साडेदहाच्या खाली गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. लीड-ॲसिड बॅटरी अशी वारंवार खोल उतरली की तिच्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती कायमची अशक्त होते. मग त्या एकीमुळे सगळा संच "गेला" असे दिसते. नव्या संचातही चार्जरच्या वायरी त्याच जागी जोडल्या, म्हणून दुखणेही परत आले.

पेट्रोल गाडीची सवय इथे नडते

पेट्रोल स्कूटरमध्ये विजेचा सगळा कारभार बारा व्होल्टचा असतो. स्पार्क प्लगची वायर सोडली तर कुठल्याही वायरला हात लावा, फार तर फ्यूज उडेल. इतकी वर्षे गाडीला हॉर्न, फॉग लाइट, चार्जर जोडणाऱ्या मेकॅनिकचा हात याच हिशेबाने बसलेला आहे.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र दोन वेगळ्या व्यवस्था असतात. एक मुख्य बॅटरी, जी मोटर चालवते. गाडीप्रमाणे ती ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची असते. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच लिथियम स्कूटर पन्नासच्या आसपास चालतात. दुसरी व्यवस्था दिवे, हॉर्न, इंडिकेटर, डिस्प्ले यांची. ती बारा व्होल्टचीच असते आणि तिला वीज पुरवते डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची हाताच्या पंजाएवढी डबी. मुख्य बॅटरीचे जास्त व्होल्ट घेऊन ती बारा करून देते. काही गाड्यांत तिच्या जोडीला एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. बाहेरून काहीही जोडायचे असेल तर ते या दुसऱ्या व्यवस्थेवर, एवढे धरून चालावे.

पेट्रोल बाइकवर जास्तीचे दिवे लावायचे तर रिले बसवून वीज थेट बॅटरीवरून घ्या, असा जुना सल्ला आहे. त्या गाडीसाठी तो अगदी बरोबर आहे. तोच सल्ला ई-स्कूटरवर पाळला तर बारा व्होल्टच्या दिव्याला पन्नास-साठ व्होल्ट जातात. नशीब चांगले असेल तर दिवा तत्काळ जळतो. वाईट असेल तर दिव्याच्या आतला सर्किट बोर्ड हळूहळू तापत, प्लास्टिक वितळवत राहतो. मोबाइल चार्जरच्या पाकिटावर बहुधा "१२ ते २४ व्होल्ट" लिहिलेले असते. साठ व्होल्ट त्याच्या हिशेबातच नाहीत.

विजेच्या धक्क्याचे म्हणाल तर कोरड्या हाताला पन्नास व्होल्टचा फारसा धक्का बसत नाही, आणि त्यामुळेच लोक निर्धास्त होतात. खरी भीती शॉर्टसर्किटची आहे. मुख्य बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर त्यातून क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. पान्हा टोकांना चिकटतो, ठिणग्या उडतात आणि बोटात अंगठी असेल तर ती तापून भाजते. सीट उघडून काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा, पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. बॅटरी सोडवली तरी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ चार्ज शिल्लक असतो, म्हणून लगेच तिथे हात घालू नका. चारचाकीत जास्त व्होल्टेजच्या वायरींना नारिंगी आवरण असते. दुचाकीत, त्यातही स्वस्त गाड्यांत, वायरीच्या रंगावर विसंबू नका. जाडी बघा आणि मीटरने मोजा.

बारा व्होल्ट शोधायचे कसे?

तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरतो. घरातला पेचकस-टेस्टर इथे उपयोगाचा नाही. तो घरातल्या एसी विजेसाठी असतो आणि इतक्या कमी डीसी व्होल्टेजवर त्याचा दिवा लागतच नाही. मीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या खुणेवर ठेवा. चावी बंद असताना आणि चालू असताना, असे दोनदा मोजा. हवी ती वायर चावी चालू केल्यावर १२ ते १४ व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य दाखवते. चावी बंद असतानाही जिवंत राहणाऱ्या वायरीवर चार्जर लावला तर त्याचा निळा दिवा आणि आकडे दाखवणारी पट्टी रात्रंदिवस थोडी थोडी वीज खात राहते. गाडी महिनाभर उभी राहिली की ते जाणवते.

सोयीची जागा बहुतेक वेळा मागच्या दिव्याची किंवा पुढच्या पार्किंग दिव्याची वायर असते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट गाडी सुरू असताना आपोआप चालू राहतो, त्यामुळे तिथेही अखंड वीज मिळते. इंडिकेटरची वायर नको, ती लुकलुकते. कंपनीने यूएसबी किंवा ॲक्सेसरीसाठी वेगळा कनेक्टर दिला असेल तर प्रश्नच मिटला. काही नव्या स्कूटरमध्ये दिव्यांवरही संगणकाचे लक्ष असते. दिव्याच्या वायरीतून जास्त करंट गेला की डिस्प्लेवर बिघाडाची खूण येते. अशा गाडीत तो कनेक्टर सोडून दुसरीकडे जाऊ नये.

आणखी एक जुनी सवय मोडावी लागते, ती "बॉडी अर्थ"ची. पेट्रोल गाडीत निगेटिव्ह वायर चेसिसच्या कुठल्याही बोल्टला अडकवली की काम होते. बऱ्याच ई-स्कूटरमध्ये चेसिस विजेपासून वेगळी ठेवलेली असते. तिथे निगेटिव्ह जोडलीत तर एक तर चार्जर चालणारच नाही, किंवा मुद्दाम वेगळी ठेवलेली व्यवस्था तुम्ही एकत्र आणाल. म्हणून पॉझिटिव्ह जिथून घेतली त्याच दिव्याची निगेटिव्ह घ्या.

आता जोड. वायर सोलून, पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणे ही आपल्याकडची राष्ट्रीय पद्धत आहे. पहिल्या पावसाळ्यात टेपचा चिकटपणा सुटतो, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जोड तापू लागतो. वायरीवर नुसती क्लिप दाबून जोडणारे निळे-लाल तुकडे मिळतात तेही इथे नकोत. आतल्या पात्याने तांब्याच्या तारा अर्धवट कापल्या जातात आणि खड्ड्यांतून जाता जाता उरलेल्या तुटतात. बुलेट कनेक्टर नीट दाबून बसवा, वरून श्रिंक स्लीव्ह चढवून लायटरची हलकी ऊब द्या. जोडाचे तोंड खाली राहील आणि वायर जोडापाशी येण्याआधी थोडी खाली झुकून मग वर जाईल, असे ठेवा. पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, जोडात शिरत नाही.

फ्यूज वीज जिथून घेतली तिथे, सहा इंचांच्या आत हवा. चार्जरजवळ लावलेला फ्यूज चार्जरला वाचवेल, पण मधली तीन फूट वायर हँडलच्या मानेत चिरडली तर तिच्यासाठी काहीच करणार नाही. मोबाइल चार्जरला तीन अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. रंगांची ओळखही ठेवा: चपट्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे दहा अँपिअर, निळा पंधरा, पिवळा वीस. गाडीचा मूळ फ्यूज उडाला तर तेवढ्याच आकड्याचा लावा. तोही उडाला, तर दोष दुसरीकडे आहे. सिगारेटची चांदी गुंडाळून फ्यूज "दुरुस्त" करणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

किती ओझे झेपेल?

रेंज कमी होईल ही भीती फारशी खरी नाही. ई-स्कूटर एका किलोमीटरला सुमारे ३० वॉट-तास वीज खाते. दहा वॉटचा चार्जर तासभर चालला तर दहा वॉट-तास, म्हणजे किलोमीटरच्या एक तृतीयांश इतकाच फरक. वीस वॉटचे दोन एलईडी दिवे तासभर लावले तर सव्वा-दीड किलोमीटर.

अडचण मुख्य बॅटरीची नसते, मधल्या कन्व्हर्टरची असते. सुटा मिळणारा साधा कन्व्हर्टर दहा अँपिअरचा, म्हणजे १२० वॉटचा असतो, आणि पाकिटावरचा आकडा सतत झेपेलच असे नाही. त्यावर हेडलाइट, मागचा दिवा, डिस्प्ले, ब्रेक लाइट, इंडिकेटर आधीच आहेत. वर दोन फॉग लाइट म्हणजे सव्वातीन अँपिअर. हे चालून जाते. त्यावर मोठ्या आवाजाचा जोडहॉर्न लावला, जो दाबताच आठ-दहा अँपिअर ओढतो, की कन्व्हर्टरचे व्होल्टेज कोसळते. हॉर्न वाजवताच हेडलाइट मंदावतो किंवा डिस्प्ले विझून पुन्हा सुरू होतो, असे दिसले तर कारण हेच. रात्री घाटात वळणावर हॉर्न वाजवावा आणि नेमका तेव्हाच समोरचा रस्ता दिसेनासा व्हावा, ही कल्पनाच नको वाटते. जुन्या हॅलोजन बल्बांचे ५५ वॉटचे फॉग लाइट तर ई-स्कूटरसाठी विसराच.

वायरी नसलेले सामानही गाडी बिघडवते

फोनचा होल्डर, मुठीवरचे नवे कव्हर, हँड गार्ड यांना वीज लागत नाही. पण त्यांतूनच होणारा एक अपघात मला सगळ्यांत घातक वाटतो. पेट्रोल गाडीत रेस अडकली तर इंजिन ओरडते, आपल्याला लगेच कळते. ई-स्कूटर उभी असताना आवाजच नसतो. उजव्या मुठीचे कव्हर आत सरकून स्विचच्या डबीला घासत असेल, किंवा होल्डरचा क्लॅम्प मुठीला टेकत असेल, तर रेस पूर्ण परत फिरत नाही. चावी चालू करून गाडी तयार झाली की ती थेट पुढे झेपावते. समोर पार्किंगची भिंत असेल किंवा कोणाचे लेकरू. म्हणून उजव्या बाजूला काहीही बसवल्यावर, चावी बंद ठेवून, मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. हँडल मध्ये, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, तिन्ही ठिकाणी ती टक्कन परत आली पाहिजे. ब्रेकचा दांडाही पूर्ण दाबून सोडून बघा. दांड्यात बारीक स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटरची ताकद तोडतो. क्लॅम्पने दांडा किंचित दाबलेला राहिला तर गाडी सुरूच होत नाही आणि लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. हँडल दोन्ही टोकांना फिरवताना नव्या वायरीला ताण बसत नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्या.

फोनबद्दलही थोडे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असे ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केले. छोट्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये थरथर त्या मानाने कमी असते, तरी धक्के शोषणारा होल्डर वापरा, असा सल्लाही त्यात आहे. आपल्या रस्त्यांचे खड्डे ॲपलने धरले असतील असे वाटत नाही. रबरी गादीचा होल्डर घ्याच.

ड्रिल मशीन मात्र घरातच राहू द्या. पेट्रोल स्कूटरच्या पाय ठेवायच्या फळीत दोन भोके पाडून मॅट, लहान मुलाची सीट किंवा गॅस सिलिंडर अडकवायची कडी बसवलेली आपण पाहतो. बऱ्याच ई-स्कूटरमध्ये नेमकी त्याच फळीखाली मुख्य बॅटरी असते. दीड इंचाचा स्क्रू बॅटरीच्या पेटीपर्यंत पोचला तर सील फुटते आणि पाणी आत जाते. त्याहून आत सेलपर्यंत पोचला तर आग. पेटीवर "आयपी ६७" लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ती चाचणी अखंड पेटीची असते, भोक पाडलेल्या पेटीची नाही. आणि वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याचीही ती हमी नव्हे.

मुलाची सीट, बंपर, मागचा कॅरिअर हे मूळ बोल्टच्याच जागी बसणारे घ्या. कंपनीचा बोल्ट काढून जागी लांब बोल्ट येत असेल तर तो आत कुठे टेकतो ते वायर घालून आधी मोजा. घट्ट करताना जोर अंगात असेल तेवढा लावू नये. पाच मिलिमीटरच्या बोल्टला पाच-सहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या ॲलन कीला दोन बोटांनी दिलेला दाब. शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासा.

ई-सायकलवाल्यांसाठी

सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॉटचा किट स्वतः बसवणारे बरेच जण आहेत. त्यांच्या बाबतीत दिव्या-चार्जरपेक्षा मागच्या चाकाचा नट महत्त्वाचा. हब मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस उलट दिशेला फिरू पाहतो. आसाच्या चपट्या बाजू आणि चौकटीची खाच एवढ्यानेच तो अडतो. नट सैल असला तर आस फिरतो, खाच रुंद होते आणि आसातूनच बाहेर येणारी मोटरची वायर पिळवटून तुटते. टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी आणि खाचेचे वायसर यांचा खर्च किरकोळ आहे. पंक्चर काढताना आधी मोटरचा कनेक्टर सोडवा. त्यावरचे दोन बाण समोरासमोर आणूनच परत जोडा, पिळू नका. चाक पुन्हा बसवल्यावर वायर आसाच्या खालच्या बाजूने बाहेर येऊ द्या, म्हणजे पाणी मोटरमध्ये उतरत नाही.

वेगाची "ती" वायर

कमी वेगाच्या काही गाड्यांत कंट्रोलरची एक वायर सोडवली की वेग पंचविसावरून पुढे जातो, आणि हे करून देणारे दुकान गावोगाव सापडते. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या अटींवरच त्या गाडीला नोंदणी आणि लायसन्समधून सूट आहे. वायर सुटली की सूटही सुटली. मग ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते, आणि धडक झाली तर भरपाई स्वतःच्या खिशातून. परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांविरुद्ध खास मोहीमही काढली होती. कायदा बाजूला ठेवला तरी वाढलेल्या करंटला तीच पातळ वायर, तेच कनेक्टर आणि तेच ब्रेक पुरवायचे असतात.

लिथियम बॅटरीची पेटी उघडणे, सेल बदलणे, बीएमएस "बायपास" करणे यांबद्दल इथे काही सांगत नाही, कारण ते घरी करायचे कामच नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एका ई-स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले. ज्या पेटीने या चाचण्या पार केल्या, ती तुम्ही उघडलेली पेटी नव्हे.

काकूंच्या गाडीचे काम तासाभरात झाले. चार्जरच्या वायरी पाचव्या बॅटरीवरून काढून कन्व्हर्टरच्या बाजूला, मागच्या दिव्याच्या जोडीवर नेल्या, तीन अँपिअरचा फ्यूज घातला. एकटी पाचवी बॅटरी बदलावी का, असे त्यांनी विचारले. चार जुन्यांत एक नवी घातली तर आता नवी लवकर भरते आणि जुन्या मागे राहतात, म्हणजे उलट्या बाजूने तोच खेळ. त्यामुळे पाचव्या बॅटरीला दोन-तीनदा एकटीला बारा व्होल्टच्या चार्जरवर सावकाश भरून घेतले. ती थोडी सावरली, पूर्ण नाही. रात्रीची फेरी सध्या होते, शेवटचे दोन डबे काकूंचा मुलगा सायकलवरून देतो. पुढचा संच येईल तेव्हा पाचही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्यायच्या, असे ठरले आहे. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला पाचही बॅटऱ्यांचे आकडे काकू चार्जरच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवतात.